झेपतंय

"तिकडनं धर भाभी, भिंतीला घासतीय."

शेजारच्या रझियाभाभीनं गादीचं दुसरं टोक धरलं आणि ती ओली, जड गादी आम्ही दोघींनी त्यांच्या जिन्यावरून वर ओढायला सुरुवात केली. सकाळचे साडेसहा वाजले होते. दहाला मंडळाच्या मॅडम आमचं घर बघायला येणार होत्या, त्यामुळे मी चारपासून उठले होते. फरशी तीनदा पुसून झाली होती, उदबत्त्या लावून झाल्या होत्या, आणि वास येणारी उरलेली एकच वस्तू, म्हणजे सासूबाईंची गादी, आता भाभीच्या गच्चीवर लपवायची होती.

"मी काय म्हणते हेमा," भाभी धापा टाकत म्हणाली, "वर नेतीयस कशाला? तिथंच राहू दे की. येऊ दे वास त्यांच्या नाकात. तेवढंच बघायला येतायत ना त्या?"

"काहीतरीच काय भाभी! लोक घरात येणार आणि आपण मुताचा वास दाखवायचा?"

"मग काय दाखवायचं? रांगोळी?"

रांगोळी काढूनच मी तिला बोलवायला गेले होते.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. माझ्या सासूबाई, इंदुमती शिंगटे, गावाच्या 'बाई' होत्या. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं त्यांनी. अर्ध्या गावाचे पाढे त्यांच्या हातच्या छडीनं पाठ झालेले. घरातही सगळे त्यांना बाईच म्हणायचे, मीसुद्धा. मला त्या हेमलता म्हणून पूर्ण नावानं हाक मारायच्या, हजेरी घेतल्यासारखी. त्याच्या चार वर्षं आधी त्यांनी एकदा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवला तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मग हळूहळू हसणं बंद झालं. आता त्या पोळ्या उशीखाली लपवायच्या. शाळा भरली म्हणून भर दुपारी अंगावरच्या परकरानिशी रस्त्यावर जायच्या. न्हाणीघरात नेलं की ही बया मला बुडवून मारतीय म्हणून किंचाळायच्या. त्या आठवड्यात माझ्या मनगटाला त्यांनी दातांनी धरलं होतं, ती जखम अजून ओली होती. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पाच वाजले की, "हे अजून कसे आले नाहीत?" सुरू व्हायचं. एकदा मी खरं सांगितलं तर नुकतंच कळल्यासारख्या ऊर बडवून रडल्या. तेव्हापासून मी, "बाजारात गेलेत, येतील," एवढंच सांगायचे. माझं नाव तर त्या वर्षापूर्वीच विसरल्या होत्या. मी कामवाली होते, नाहीतर चोर होते.

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. एकोणीस वर्षं. सकाळी कॅन उतरले की नमुने घ्यायचे, दुधात फॅट किती ते काढायचं, आंबूस लागलेलं बाजूला करायचं. पांढरा अ‍ॅप्रन घातला की मला माझं मी असल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. बाईंसाठी मी बिनपगारी रजेवर गेले ती दोनदा वाढवून झाली होती. फडतरे साहेब भला माणूस, पण शेवटी तेही म्हणाले, "हेमलताताई, पंधरा तारखेला सोमवारी नऊला हजर व्हा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, जागा भरावी लागेल."

मंडळ म्हणजे गावातल्या चांगल्या लोकांनी ज्येष्ठांसाठी काढलेलं मंडळ. त्यांच्याकडे शिकवून तयार केलेल्या सेविका होत्या. ज्या घरात कुणाला धरून उठवावं-बसवावं लागतं, तिथं सकाळी आठ ते चार त्या यायच्या. सेविका थोड्या आणि घरं फार, त्यामुळे यादी होती. त्या महिन्यात एक आजोबा गेले आणि एक सेविका मोकळी झाली. ती आम्हाला मिळाली तर मी पंधराला हजर होणार होते, नाही मिळाली तर घरीच राहणार होते. त्याच्या आधी एक गृहभेट आणि एक फॉर्म होता. गृहभेट नऊ तारखेला.

आता तुम्ही म्हणाल, भाभी बसली असती की बाईंजवळ. भाभीनं दोनदा बसून बघितलं होतं. दुसऱ्या वेळेला बाईंनी तिच्या कपाळावर काठी घातली. माझे मिस्टर पतसंस्थेत कॅशियर. "मी पुरुषमाणूस, आईचं मी काय करणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा खरंच बिचारा व्हायचा. दीर पुण्याला. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "वहिनी आहेत म्हणून मी निर्धास्त आहे." त्यांच्या निर्धास्तपणाचा मला तेव्हा इतका राग यायचा की फोन ठेवल्यावर मी भांडी आदळायचे.

तर दहा वाजता मॅडम आल्या. जगदाळे मॅडम, तिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात फाइल. मी बाईंना न्हाऊ घातलं होतं, केस विंचरून अंबाडा घातला होता, इस्त्रीचं पांढरं पातळ नेसवलं होतं. चष्मा साबणानं धुतला होता. आरामखुर्चीत त्या बसल्या होत्या ते जणू आता शिपाई घंटा देणार.

मॅडम दारातच थबकल्या. "बाई! ओळखलंत का मला?"

मी मनात म्हटलं, आता म्हणतील, चोर आली. एका अर्थानं मी त्याचीच वाट बघत होते.

बाईंनी चष्मा पुढे ओढला. "सुतारांची मनीषा ना तू? खिडकीजवळ बसायचीस. सातचा पाढा काही शेवटपर्यंत आला नाही तुला."

मॅडम हसत हसत पाया पडल्या, डोळ्यांत पाणी. मी मात्र चहाचा ट्रे धरून उभी राहिले. सकाळी सात वाजता याच बाईंनी मला विचारलं होतं की हे घर कुणाचं आहे.

चहा झाला. मॅडमनी फाइल उघडली. "बाई, थोडे प्रश्न विचारते हं. सगळ्यांनाच विचारावे लागतात."

"विचार. न घाबरता विचार."

"जेवण आपलं आपण होतं का?"

"म्हणजे काय! भरवायला मी काय तान्ही आहे?"

"आणि आंघोळ?"

"पहाटे उठून माझी मी करते. गार पाण्यानं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "म्हणजे... मी असते जवळ." आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. बाईंसमोर मी सांगायचं काय? की तुम्हाला न्हाऊ घालताना धरून ठेवायला दोन माणसांचं बळ लावावं लागतं? की तुम्ही कुठंही बसता आणि मी पुसते? तेवीस वर्षं त्या घरात मी बाईंसमोर वर तोंड करून बोलले नव्हते. मॅडमनी काहीतरी लिहिलं.

"रात्री झोप लागते?"

"म्हातारपणी लागते तेवढी लागते."

"आणि सर... सर कधी गेले हो बाई?"

सर म्हणजे माझे सासरे. मी ट्रे खाली ठेवला. आता फुटणार, मला खात्री होती. आता, "कुठं गेले? बाजारात गेलेत," असं त्या म्हणणार आणि मॅडमला सगळं कळणार. मला वाटत होती ती भीती होती की आशा, ते मी आजही सांगू शकत नाही.

"अकरा वर्षं झाली गं," बाई शांतपणे म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हेमलता, मनीषाला कुंकू लाव. सवाष्ण दारातनं तशीच जायला नको. माझ्या हातनं नको, तू लाव."

मी करंडा आणला. लावताना कुंकू मॅडमच्या नाकावर सांडलं. हेमलता. वर्षभरानंतर. आणि त्यांना आपलं वैधव्य आठवत होतं, कुणी कुणाला कुंकू लावायचं ते आठवत होतं, पाव्हणीची ओटी भरायची तेही आठवलं. आत जाऊन मी तांदूळ आणि नारळ आणला. चार वर्षांत त्यांच्या डोक्यातून गळून गेलेलं सगळं त्या एका तासापुरतं त्यांनी गोळा करून आणलं होतं, आणि तेही परक्या माणसासाठी. माझ्यासाठी असं गोळा करावंसं त्यांना कधी वाटलं नसावं.

आणि मग त्या बोलल्या ते. मॅडम उठायला लागल्या तशा बाईंनी त्यांचा हात धरला. "मनीषा, एक ऐकून जा. ही सून नाही, माझी लेक आहे. हिला मी कधी तोंडावर म्हटलं नाही. पण ही नसती ना, तर मी केव्हाच गेले असते. लिही तुझ्या त्या कागदात."

बाईंकडून शाबासकी म्हणजे काय ते आमच्या गावातल्या कुणालाही विचारा. त्या कुणाला देत नसत. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी एकटीनं सगळा फराळ केला तेव्हा चकली मोडून बघत त्या म्हणाल्या होत्या, "बरी झालीय." तेवीस वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं कौतुक.

मी मॅडमना सोडायला फाटकापर्यंत गेले. रांगोळी ओलांडून त्या थांबल्या. पेनाचं टोपण काढलेलंच होतं.

"वहिनी, आता बाई समोर नाहीयेत. मला माहितीय, आजार वर वर दिसत नाही कधीकधी. शेवटचा रकाना सांभाळणाऱ्यांसाठी आहे. खरं सांगा. झेपतंय ना तुम्हाला?"

असं मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, दिरानं नाही, माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा नाही. मनगटावरचा चावा झाकायला बांगड्यांवर ओढलेली बाही मागे सारली असती तरी पुरे होतं. वर गच्चीकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पंधरा तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि कानात ते होतं, ही नसती तर मी केव्हाच गेले असते.

"झेपतंय हो," मी म्हणाले. "आपलंच माणूस आहे."

मॅडमनी मान डोलावली, लिहिलं आणि गेल्या.

मी घरात आले. बाईंनी पांढरं पातळ ओलं केलं होतं आणि कुंकवाचा करंडा जमिनीवर पालथा करून बोटानं त्यात काहीतरी गिरवत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ए, कोण गं तू? कुणाला विचारून आत आलीस?"

त्या दिवशी मी त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. त्या दोन्ही हातांनी डोकं झाकून बसल्या तेव्हा मीच खाली बसले आणि मोठमोठ्यानं रडले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"बघू म्हणाल्या." मी काय बोलून बसले ते मी ह्यांना सांगितलं नाही, भाभीलाही नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

शुक्रवारी पत्र आलं. ह्यांनी ते बूट न काढता उभ्या उभ्या वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला तसं मला वाटलं, मिळाली सेविका. पत्रात लिहिलं होतं की आपल्या घरी ज्येष्ठांची सेवा इतक्या उत्तम प्रकारे होत आहे की तूर्त सेविकेची गरज दिसत नाही. तथापि मंडळाच्या वर्धापनदिनी, सोमवार, पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता सौ. हेमलता अरविंद शिंगटे यांचा 'आदर्श सून' म्हणून सत्कार करण्याचं कार्यकारिणीनं ठरवलं आहे.

"आदर्श सून!" हे म्हणाले. "अगं, सगळ्या तालुक्यातनं एकच निवडतात." आणि पुण्याला फोन लावायला गेले.

फोन संपेपर्यंत मी तिथंच उभी होते. मग म्हणाले, "पंधराला मला हजर व्हायचंय."

"अगं पण सेविका नाहीये ना. एक दिवस हजर होशील, सोळाला काय करशील?"

"सोळाचं सोळाला बघू. सोमवारी तुम्ही थांबा घरी. मी फडतरे साहेबांना समोर बसून सगळं सांगते. आणखी एक महिना मागते. फोनवर नाही ऐकणार ते."

"सोमवारी? सोमवारी तपासणी आहे पतसंस्थेत. अर्धा दिवस मागितला तरी साहेब फाडून खातील मला." पुन्हा तो बिचारा चेहरा. "तुला कळत कसं नाही हेमा?"

मला कळलं. दुसऱ्या दिवशी मीच मंडळात फोन केला.

जगदाळे मॅडम खूश होत्या. "येणार ना वहिनी? मीच नाव सुचवलं तुमचं. रिपोर्ट वाचून दाखवला तर अध्यक्षांचा गळा दाटून आला."

"मॅडम, मी आले तर बाईंजवळ कोण बसणार?"

"अहो, दोन तासांचा तर प्रश्न. बसेल की घरातलं कुणीतरी."

"घरात कुणी नाही. तुमची एक सेविका पाठवा ना. दोनच तास. म्हणजे मी येईन." मी मनाशी ठरवलंच होतं, सेविका आली की सत्काराला जायचंच नाही, सरळ दूध संघ गाठायचा.

"वहिनी, राग मानू नका, पण त्या दिवशी सगळ्या सेविका कार्यक्रमाला लागतात हो. चहा-नाश्ता, खुर्च्या, सगळं त्याच बघतात."

मग मी बोलून टाकलं. "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला झेपत नाही."

त्या हसल्या, अगदी प्रेमानं. "वहिनी, कधीकधी असा कंटाळा येतोच हो सगळ्यांना. बाई काय म्हणाल्या ते मी स्वतः ऐकलंय ना." आणि पत्रिका पाठवते म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीसारखे साडेनऊला गेले. त्याआधी नऊला मी दूध संघात फोन केला होता. फडतरे साहेब म्हणाले, "तुम्ही फोन केलात म्हणजे येत नाही, असंच ना?" मी हो म्हणाले. "बारा वाजता नवीन मुलगी येतेय," ते म्हणाले. "हुशार आहे. तुमच्या वह्या तिला दाखवीन." मी म्हणाले, ठेवते.

मग मी बाईंना न्हाणीघरात नेलं. त्या किंचाळल्या. मी त्यांना धरलं, चोळलं, पुसलं, गादी उलटी केली, भात कालवून भरवला. त्यांनी अर्धा माझ्या अंगावर थुंकला. रडू मात्र आलं नाही. दुपारी बाराला बाई झोपल्या आणि मी पायरीवर नुसती बसून राहिले.

दीडला फाटक वाजलं. हे होते. खांद्यावर मरून रंगाची शाल, काखेत नारळ, हातात काचेची फ्रेम. फ्रेममध्ये सोनेरी अक्षरांत माझं नाव होतं.

"तू जाऊ शकत नव्हतीस ना," हे चपला काढत म्हणाले, "मग मंडळाचा फोन आला पतसंस्थेत. घरातलं कुणीतरी यायलाच पाहिजे म्हणाले, खुर्ची रिकामी दिसते. गेलो. दोन शब्द बोलायलाही लावले मला. मला बोलता येत नाही, पण आईचं नाव घेतलं आणि हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. फोटो येणारेय उद्या पेपरात."

"तपासणी होती ना आज?"

"होती ना. मी भीतभीतच गेलो साहेबांकडे." ते शाल नीट करत हसले. "तर साहेब खुर्चीतनं उठले आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, 'जा शिंगटे, बिनधास्त जा, सबंध दिवस घ्या. आईसाठी एवढं करणारा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही.'"

ते वाक्य त्यांनी परत एकदा म्हणून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना ते खरं वाटत होतं, यातच सगळं आलं.

मी पायरीवरून उठले. "मग आता उरलेला दिवस तुम्ही आईचं करा," मी म्हणाले. "उद्यापासूनही तुम्हीच करा."

ते मोठ्यानं हसले. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. आतून बाईंची हाक आली, नाव न घेता नुसतीच, आणि ह्यांनी शाल काढून खुंटीला अडकवत मला म्हटलं, "बघ गं जरा, आई उठली वाटतं."

मी आत गेले. पुढची साडेसहा वर्षं मीच जात राहिले.